हॉलमध्ये नेपोलियन की प्रेसिडेन्सी?

आज बेळगावच्या खडेबाजारात दोन प्रिंट फ्रेम करायला टाकल्या. पहिली शार्ल मिनारने 1869 मध्ये काढलेल्या आलेखाची. नेपोलियनची 1812 ची रशिया मोहीम. फ्रेमवाले मामा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "नदी काय हो ही?" नदीच वाटते खरी. पण पट्ट्याची जाडी म्हणजे सैनिक, एका मिलिमीटरला दहा हजार. जाताना तपकिरी पट्टा 4,22,000 चा, परतताना काळी रेघ 10,000 ची. खाली थंडीचा आलेख. बेरेझिना नदी ओलांडताना 50,000 चे 28,000 झाले, ते रेघेत चक्क दिसतं. मामांनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. काढणारा माणूस इंजिनिअर, तेही तेव्हा ऐंशीच्या पुढचा! आमच्याकडे साठी झाली की नातवाला शाळेत सोडायची ड्युटी लागते.

दुसरी प्रिंट जुन्या मुंबई प्रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मुंबई प्रांताच्या नकाशाची. त्यात बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार सगळे मुंबईच्या रंगात. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे हा नकाशा आमच्याकडे नुसती शोभा म्हणून लागणं अवघडच. पाहुणा आला की चहा गार होईस्तोवर सीमाप्रश्न. म्हणून हॉलमध्ये नेपोलियन, प्रेसिडेन्सी आतल्या खोलीत, असं मी ठरवलंय. बाबांचं मत नेमकं उलटं आहे, आणि खिळे तेच ठोकणार आहेत.

ऊन येणारी भिंत मात्र दोन्ही प्रिंटना नको, शाई उडते.