बेसच्या तारा आणि तबल्याचा डग्गा: माझा अनुभव

दिवाळी पहाटेच्या तालमीत आमच्या तबलावादक काकांनी केरवा मध्येच थांबवला. "अगं, तुझा सूर संपतच नाही. माझा डग्गा घुमायच्या आधीच तू तिथे बसलेली असतेस." मी आवाज कमी केला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. निम्म्यावर आणला तेव्हा गायिका म्हणाली, आता बेस ऐकूच येत नाहीये, आणि काका म्हणाले, तरीही तो मध्ये येतोय.

मी डोंबिवलीत राहते आणि भावगीतं-भक्तिगीतांच्या कार्यक्रमांत बेस गिटार वाजवते. चार तारांची, 34 इंची स्केलची (म्हणजे तारेची वाजणारी लांबी 34 इंच) साधी गिटार आहे. तोवर मी तारांचा कधी विचारच केला नव्हता. गिटारसोबत आलेल्याच तारा दोन वर्षं चढवलेल्या होत्या.

पहिला संशय अर्थातच जुनेपणावर गेला. बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरची धातूची आडवी पट्टी) नुसतं बोट टेकवून येणारा सूर आणि तीच तार तिथे दाबून येणारा सूर जुळायला हवेत. माझ्या ई तारेवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, ते स्पष्टपणे वेगळे येत होते. आपल्याकडच्या दमट हवेत घाम आणि मळ तारेच्या वेढ्यांत जाऊन बसतो, तिचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही आणि सूर डगमगतो. मग स्टेनलेस स्टीलच्या नव्या राउंडवाउंड तारा आणून चढवल्या. घरी त्या इतक्या सुंदर वाजल्या की रात्री उशिरापर्यंत गिटार खाली ठेववेना. पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा खणखणीत, लांब सूर.

तालमीत मात्र सगळं आधीपेक्षा बिघडलं.

राउंडवाउंड तारेत आतल्या पोलादी गाभ्यावर गोल तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. नखाने खरवडली तर खर्र वाजते. 1960च्या दशकाच्या मध्यात 'द हू' या बँडच्या जॉन एंटविसलने रोटोसाउंड कंपनीसोबत काम करून या तारा बेसवर आणल्या, आणि रॉकमध्ये बेसला स्वतःचा करकरीत आवाज मिळाला. तिथे तो हवाच. आमच्याकडे त्या तारेचा टणत्कार थेट तबल्याच्या चाटेवरच्या 'ना'वर येऊन आदळत होता. गायिका हळुवार आलापाने मुखड्यावर येत असताना मी हात सरकवला की तारेवर बोट घासल्याची चीं माइकमधून सभागृहभर जाणार, हेही दिसत होतं.

मग फोनवर तालीम रेकॉर्ड करून घरी चार-पाच वेळा ऐकली. काकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. संथ केरव्यात डग्ग्याची घुमक ज्या फटीत यायची, त्या फटीत माझा आधीचा सूर अजून रेंगाळत होता. आवाज किती मोठा हा प्रश्नच नव्हता, सूर किती वेळ टिकतो हा होता. तारा निवडताना 'ब्राइट की वॉर्म' एवढंच विचारतात; हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

पुन्हा पैसे घालण्याआधी एक करून पाहिलं. भांडी घासायच्या स्पंजची पट्टी कापून ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे, तारांखाली सरकवली. पुढच्या तालमीत पहिल्याच आवर्तनाला काकांनी मान डोलावली. ज्यांना तारा बदलाव्यात की नाही हे ठरवायचं आहे त्यांनी हे आधी नक्की करावं, खर्च शून्य. पण स्पंजने सूर पार बोथट होतो आणि मींड घ्यायला गेलं की ती अर्ध्या वाटेत विझते. मला मींड हवी होती. म्हणून फ्लॅटवाउंड.

फ्लॅटवाउंडमध्ये गाभ्यावर शेवटचा थर चपट्या पट्टीचा असतो. वरून तार काचेसारखी गुळगुळीत, बोट घासल्याचा आवाज जवळजवळ नाही, सूर गोल आणि लवकर मिटणारा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन याच तारा वापरायचा, त्याही जाडजूड, 52 ते 110 गेजच्या, आणि त्या बदलायचाही क्वचितच. मी तशाच घेतल्या. राउंडवाउंडच्या जवळपास दुप्पट पैसे मोजून.

गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेली. सगळ्यात बारीक तार 45ची असो की 52ची, फरक तो काय, असं वाटतं. पण जाडी 15 टक्के वाढली की वजन साधारण एक तृतीयांशाने वाढतं, आणि तेवढ्याच लांबीवर तोच सूर हवा असेल तर ताणही तेवढाच वाढवावा लागतो. माझ्या गिटारची नेक, म्हणजे दांडी, दोन दिवसांत पुढे वाकली. तारा फ्रेटपासून उंच गेल्या, जाड ई तार नटच्या (दांडीच्या वरच्या टोकाला तारा पेलणारी पट्टी) खाचेत नीट बसेना, आणि तासाभराच्या तालमीनंतर माझं मनगट भरून आलं. नटची खाच कानशीने मोठी करता येते, पण मग पुन्हा बारीक तार लावली की ती तिथे सैल पडते. तो मार्ग मी सोडला. तारा उतरवल्या.

तिसऱ्यांदा दुकानात गेले ते फ्रेटवरच्या एका जागेचा विचार करून. आमची गायिका काळी चार पट्टीत गाते. म्हणजे माझा षड्ज ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि पंचम ए तारेच्या सहाव्यावर. कार्यक्रमभर माझा हात तिथेच. म्हणून दुकानातल्या फ्लॅटवाउंड लावलेल्या दोन गिटारींवर मी फक्त तेच दोन सूर वाजवले, दाबून, हळू, मग मींड घेऊन. एकीवर षड्ज नुसता धप्प वाजत होता, सूर कळतच नव्हता. दुसरीवर तो गोल पण स्पष्ट होता. तिच्यावरच्या तारा 45 ते 105 गेजच्या होत्या. तशाच घेतल्या. काही कंपन्या पाकिटावर प्रत्येक तारेचा ताणही छापतात; तो नक्की वाचावा, कारण एकाच गेजच्या दोन कंपन्यांच्या फ्लॅटवाउंड बोटांना फार वेगळ्या लागू शकतात.

चढवताना दोन गोष्टी सांभाळल्या. तार लाँग स्केलची आहे ना, हे पाहिलं. आखूड असेल तर टोकाचा निमुळता भाग नटवर येतो. आणि खुंटीसाठी तार कापायच्या आधी ती काटकोनात वाकवून घेतली, नाहीतर गोल गाभ्याच्या तारेचे वेढे आतून सैल सुटतात. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरला आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी फट राहीपर्यंत ट्रस रॉड (दांडीचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) फिरवला, एका वेळी पाव फेरा, प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावून. सगळ्यात शेवटी ब्रिजवर बाराव्या फ्रेटचे सूर जुळवले.

पहिले काही दिवस या तारांतही थोडी झणझण होती. तीनेक आठवड्यांत ती गेली. कोळीगीतं असलेल्या कार्यक्रमात मला अजूनही राउंडवाउंडची धार आठवते. तिथे मी पिकअपजवळून (तारेचा आवाज टिपणारा भाग) न वाजवता ब्रिजकडे सरकून वाजवते, बरंचसं भागतं.

त्या दिवाळी पहाटेला अभंग सुरू झाला, काकांनी डग्ग्यावर तळवा दाबून सूर वर चढवला, आणि त्या चढत्या घुमकीखाली माझा षड्ज वेळेवर मिटला. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. लय तशीच पुढे चालू राहिली.