ला व्हिलेतमधली हार्प

पॅरिस मेट्रोची ५ नंबरची लाइन पोर्त द पांतँला सोडते. जिना चढून वर आलं की पोस्टकार्डांतलं पॅरिस मागे राहिलेलं असतं. ट्रामचे रूळ, रुंद रस्ता आणि समोर वास्तुकार जाँ नूव्हेलने बांधलेली फिलहार्मनी या संगीतसभागृहाची अवाढव्य, धातूने मढवलेली इमारत. १९७४ पर्यंत या ला व्हिलेत भागात शहराचे कत्तलखाने होते. गुरांच्या बाजाराचा लोखंडी मांडव अजून उभा आहे. संगीत इथे मागाहून आलं. १९९० मध्ये कॉन्झर्व्हात्वार, म्हणजे संगीताचं महाविद्यालय, मग सिते द ला म्युझिक हे संगीतसंकुल, आणि २०१५ मध्ये फिलहार्मनी. मी आले होते ती फक्त हार्प या तंतुवाद्यासाठी. त्यातही एकट्या हार्पचं, गेल्या साठेक वर्षांत लिहिलेलं संगीत ऐकायला.

हार्प म्हटलं की बहुतेकांना सिनेमातलं स्वप्नदृश्य आठवतं. तारांवरून हात सरसर फिरतो आणि पडद्यावर धुकं पसरतं. ती प्रतिमा पुसायची असेल तर सितेमधल्या संग्रहालयात एरारच्या हार्पपुढे निवांत उभं राहावं. वाद्यं बनवणाऱ्या सेबास्तियाँ एरारने १८१० मध्ये लंडनला तिच्या पेडलांच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. आजच्या हार्पला ४७ तारा आणि ७ पेडल असतात. एकेक पेडल एकेका स्वराचं, आणि त्याला तीन खाचा: कोमल, शुद्ध, तीव्र. ‘सा’चं म्हणावं असं पेडल दाबलं की सगळ्या सप्तकांतले ‘सा’ एकदम बदलतात. त्या नक्षीदार खांबाच्या पोकळीतून सळया वर जातात आणि मानेतल्या छोट्या चकत्या फिरवतात. चकतीवरच्या खुंट्यांत तार पकडली जाते, तिची वाजणारी लांबी कमी होते, स्वर चढतो. म्हणजे बोटं जेवढं वाजवतात तेवढंच पाय.

पुढे प्लेयेल या दुसऱ्या वाद्यकंपनीने पेडल नसलेली, एकमेकींना छेदणाऱ्या तारांच्या दोन ओळींची हार्प काढली आणि तिच्यासाठी फ्रेंच संगीतकार देब्यूसीकडून १९०४ मध्ये दोन नृत्यं लिहून घेतली. एरारच्या कंपनीने रावेल या दुसऱ्या फ्रेंच संगीतकाराला गाठलं. त्याची रचना १९०५ ची. दोन कारखान्यांच्या चढाओढीतून दोन अमर रचना मिळाल्या. टिकली मात्र एरारची हार्प. पण या काळाचा मोह असा जबर की पुढे हार्प म्हणजे लाटा, चांदणं, पाऊस असंच समीकरण होऊन बसलं.

ते मोडताना मी ऐकलं ते कॉन्झर्व्हात्वारमध्ये, विद्यार्थ्यांच्या एका कार्यक्रमात. छोटं सभागृह, वीस-पंचवीस माणसं. विशीतली एक मुलगी आली आणि पहिली रचना बेरिओची: ‘सेक्वेन्झा २’, १९६३. बेरिओ हा संगीतकार इटलीचा, पण ही रचना त्याने फ्रान्सिस पिएर या फ्रेंच हार्पवादकासाठी लिहिली, आणि नंतरच्या फ्रेंच हार्पसंगीताचं बोलणं तिला वगळून होत नाही. इथे लाकडावर थाप पडते. पेडल मुद्दाम अर्धवट सरकवून तार खरखरवली जाते. जे आवाज लपवायला विद्यार्थ्यांची वर्षं जातात, तेच इथे संगीत होतात. मी दुसऱ्या रांगेत होते. तिच्या पायांची धावपळ दिसत होती आणि तिला ती लपवायची नव्हती.

नंतर बेत्सी जोलास यांची ‘त्राँश’, १९६७ ची. जोलास यांचा जन्म १९२६ चा, पॅरिसचाच. याच कॉन्झर्व्हात्वारमध्ये त्यांनी पुढे शिकवलंही. ती ऐकताना मला हार्पचं खरं मर्म उमगलं. तानपुऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला आस, म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, हवीहवीशी वाटते, ती तुटू नये म्हणून आपण जपतो. हार्पमध्ये आस आपोआप येते, खर्जाच्या धातूच्या तारांची तर थांबता थांबत नाही. म्हणून वादकाचा अर्धा वेळ तारा शांत करण्यात जातो: तळहाताने, बोटाच्या कडेने. कुठला स्वर किती वेळ जगू द्यायचा हा निर्णय दर क्षणाला घ्यावा लागतो. माझ्या मते या पिढीच्या संगीतकारांचं मोठं काम हेच आहे. त्यांनी शांत करणं ही रचनेचीच गोष्ट केली.

शेवटी फिलिप एर्साँ यांची ‘बामियान’. अफगाणिस्तानातल्या ज्या बुद्धमूर्ती २००१ मध्ये तालिबानने उडवल्या, त्या जागेचं नाव. आधीच्या दोन रचनांनंतर ही ऐकणं फार सुंदर अनुभव होता, कारण आता कान गोडव्यावर भाळायला बसलेला नव्हता. प्रत्येक स्वर कुठे सुटतो आणि कुठे धरला जातो याकडे लागला होता. माझ्या शेजारच्या आजी कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीजवळ गेल्या आणि बराच वेळ तिचे हात हातात धरून बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जवळच्याच र्यू पतीवर कामाकचं दालन पाहिलं. ही हार्प बनवणारी कंपनी १९७२ पासूनची, कारखाना नाँतजवळच्या मूझेय गावात. तारांचा एकूण ताण जवळपास एक टन, तो सगळा एका पातळ लाकडी फळीवर. म्हणून फळी हळूहळू फुगते आणि हार्पचं आयुष्य व्हायोलिनसारखं शतकांचं नसतं. हे कळल्यावर एरारच्या जुन्या हार्पकडे पुन्हा एकदा जावंसं वाटलं, आणि मी गेलेच.

जाणार असाल तर सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. कॉन्झर्व्हात्वारच्या बऱ्याच कार्यक्रमांना तिकीट नसतं, वेळापत्रक आधी पाहून ठेवा. आणि घरून ऐकायचं असेल तर देब्यूसीपासून सुरुवात करू नका. आधी ‘सेक्वेन्झा २’ ऐका, मग जोलास. देब्यूसीकडे त्यानंतर वळा. त्याच्या नृत्यांतही तारा शांत करणारे हात तुम्हाला ऐकू येऊ लागतील.