होनाच्या ओढीने रायगडावर

पाचाडहून अंधारातच निघालो. रोपवे होता, पण या खेपेला पायऱ्याच चढायच्या होत्या. दिवाळीत एका नाण्यांच्या प्रदर्शनात आयुष्यात पहिल्यांदा अस्सल शिवराई होन, म्हणजे शिवाजी महाराजांचं सोन्याचं नाणं, पाहिला आणि तेव्हापासून रायगड डोक्यातून जाईना.

केवढासा तो! अंगठ्याच्या नखाएवढा, वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम. कडेने ठिपक्यांचं वर्तुळ, आत एकाखाली एक 'श्री', 'राजा', 'शिव'. मागे 'छत्रपति'. ठसा किंचित सरकलेला, त्यामुळे एका बाजूचे ठिपके काठाबाहेर गेलेले. काचेला नाक लावून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

महादरवाजा ओलांडला तेव्हा उजाडलं होतं. होळीच्या माळावर महाराजांना मुजरा केला आणि बाजारपेठेतल्या एका जोत्यावर टेकलो.

६ जून १६७४ ला इथे राज्याभिषेक झाला, त्या निमित्ताने हे होन पाडले गेले. मोगलांची सोन्याची मोहर चांगली ११ ग्रॅमच्या आसपास, वर फारसी मजकूर. महाराजांनी तो साचा घेतला नाही. घेतला तो दक्षिणेतला होन. नावही कानडीतल्या 'होन्नु'वरून, म्हणजे सोनं. विजयनगरच्या रायांचे होनही असेच लहान आणि त्यांवरही नागरी अक्षरं. सभासद बखरीत महाराजांच्या खजिन्याची यादी आहे, तिच्यात देवराई, अच्युतराई हे विजयनगरचे होन आहेतच. मोडलेल्या त्या राज्याचा धागा या चिमुकल्या सोन्यात पुन्हा जोडला गेला, असं मला मनापासून वाटतं.

राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर होता. सुवर्णतुलेत सुमारे १६,००० होन भरल्याची नोंद त्याने केली आहे. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते तहाच्या वेळचं उत्तर. आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत, असं कलम इंग्रजांनी मांडलं होतं. महाराजांचं म्हणणं असं, की कुठल्याच नाण्याला आमची बंदी नाही; पण ज्यात रयतेला तोटा, ते नाणं घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही. कस आणि वजन इतरांच्या तोडीचं असेल, तर खुशाल चालेल. राज्याभिषेकाच्या धामधुमीतही राजा रयतेच्या तोट्याचा विचार करतोय! सदरेवर सिंहासनाच्या जागेसमोर हे आठवलं आणि गळा दाटून आला.

मूठभर होनच आज उरलेत. रयतेच्या हातात खेळली ती तांब्याची शिवराई, अक्षरं तीच. आजीच्या पेटीतली एक मी सोबत आणली होती. उतरताना चाचपून पाहिली. 'शिव' पार झिजलंय. 'राजा' मात्र अजून बोटाला लागतं.