खाडा पडतो म्हणून दवाखाना राहतो

ऊसतोड मजूर वेळेवर दवाखान्यात का जात नाहीत, असं विचारलं की 'अडाणी आहेत' हे उत्तर तयारच असतं. त्याआधी एक हिशोब मांडून बघा. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून लाखाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये धरला, तर ती फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन पडला तरी १३७ दिवस. हंगाम चालतो चार-पाच महिने. मधे एक दिवस बुडाला की सातशेची तोड गेली, वर पाचशेचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, उचलीत चढला. सरकारी दवाखान्यातली फुकटची गोळी अशी बाराशेला पडते.

ताण इथूनच सुरू होतो. उसाची गाडी रात्री दोनला लागली तरी उठून मोळ्या डोक्यावर घेऊन भरायच्या आणि पहाटे पुन्हा फडात, म्हणजे उसाच्या रानात, जायचं. झोप तुटते, अंग दुखतं, गड्याची दारू वाढते. त्याला कुणी आजार म्हणत नाही. (१४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर मराठीत बोलता येतं, पण झोपडीवजा कोपीत एकांत कुठला?)

बायांचं दुखणं वेगळं. आडोसा नाही म्हणून पाणी कमी प्यायचं, मग लघवीला जळजळ. पाळीत कापड धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरं जाणं हे बऱ्याचदा संसर्गाचं लक्षण. ते तपासून गोळ्यांचा कोर्स पुरा केला, गरज असेल तिथे नवऱ्यानंही घेतला, तर बरं होतं. कोर्स अर्धाच सुटला की त्रास परततो आणि मग कुणीतरी कॅन्सरची भीती घालून गर्भपिशवी काढायला सांगतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तरुणपणी बीजकोशही काढले तर पाळी एकदम बंद होऊन हाडं ठिसूळ होऊ लागतात. मोळी मात्र तेवढीच जड राहते. डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितलं तर सोनोग्राफीचा कागद घेऊन सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यावं, हे बाईला गावातच सांगून ठेवायला हवं.

गाव सोडण्याआधीचं काम आशाताईंनी दसऱ्याच्या सुमारासच उरकावं. गरोदर बाईचं माता-बाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत द्यावं, नुसता फोटो नको. मोबाईल बंद पडतो. बीपी-साखरेच्या निदान महिन्याच्या गोळ्या द्याव्यात. टीबीच्या रुग्णाचा निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) कार्डामागे लिहावा, म्हणजे कारखान्याकडच्या सरकारी केंद्रातूनही औषध चालू राहतं.

तिकडे पोचल्यावर गाडं अडतं ते वेगळ्याच कारणानं. टोळी आठवड्यात जागा बदलते आणि तिथल्या आशाला पत्ता लागत नाही. बाळंतिणीच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाच्या भेटी अशाच हुकतात. शिबिर सकाळी अकराला लावलं तर म्हातारी आणि पोरंच येतात, बाकी सगळे फडात. गाडी भरून गेल्यावरची वेळ धरा आणि ती आदल्या दिवशी चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, विचारून घ्या. कुठल्या टोळीचा फड कुठे आणि गाडी साधारण कधी लागणार, हे त्याला ठाऊक असतं.