शेवटी उरलेले दोघं

धाकट्या काकांनी ग्रुप सोडला. भांडण नाही, निरोप नाही. आई म्हणाली, जाऊ दे. पण मला नुसतं टोचतंय. मागच्या वर्षी आत्याकडचे गेले, तेव्हाही कुणी काही बोललं नव्हतं. आता दादाकडचे आणि आम्ही. बाकीच्यांना आमची गरज नव्हतीच म्हणायची.

झोप येईना म्हणून रशियाच्या दक्षिण टोकाच्या डोंगराळ उत्तर कॉकेशसचं वाचत बसलो. जानेवारी १९२१ मध्ये मॉस्कोनं तिथल्या डोंगरी लोकांचं एक स्वायत्त प्रजासत्ताक केलं. राजधानी व्लादिकावकाझ. चेचेन, इंगुश, ओसेत, कबार्ड, बाल्कार, कराचाय, सगळे एका छपराखाली. आधीच्या नोव्हेंबरात स्टालिन स्वतः तिथे येऊन स्वायत्ततेची घोषणा करून गेला होता. शरियतला हात लावणार नाही, असंही म्हणाला होता. आश्वासनं द्यायला काय जातं!

१९२१ च्याच सप्टेंबरात कबार्डा बाहेर. जानेवारी १९२२ मध्ये कराचाय आणि बाल्कार, नोव्हेंबरात चेचेन. लढाई नाही, प्रत्येक वेळी फक्त मॉस्कोचा एक हुकूम. मी पुन्हा पुन्हा तिथेच अडकतोय: उरलेल्यांना काय वाटलं असेल? नकाशा आक्रसत चाललाय, नाव मात्र अजून 'सगळ्या डोंगऱ्यांचं'. आणि आत फक्त ओसेत आणि इंगुश.

७ जुलै १९२४ ला तेही आटोपलं. दोघांचे वेगळे प्रांत झाले, पण व्लादिकावकाझ कुणालाच दिलं नाही. शहर स्वतंत्र, दोन्ही प्रांतांची कचेरी तिथेच. नऊ वर्षं असंच चाललं. १९३३ मध्ये शहर ओसेतियाकडे गेलं आणि पुढच्या वर्षी इंगुशांना चेचेन्याला जोडून टाकलं. १९४४ ची इंगुशांची हद्दपारी, १९९२ चा ओसेत-इंगुश रक्तपात... ते आज नको.

लवकर निघालेले तरी सुटले म्हणावं, तर तसंही नाही. कराचाय आधी बाहेर पडले, आणि १९४३ मध्ये हद्दपारही इंगुशांच्या आधी झाले. म्हणजे माझा काकांवरचा हेवा फुकटच! ते शहाणे नाहीत आणि आम्ही बिचारेही नाही.

खरी कटकट निघून गेलेल्यांची नसतेच. जे दोघं उरतात आणि ज्यांचं गाव एकच असतं, त्यांची असते. दादाला उद्या फोन करतो. गावच्या घराची घरपट्टी या वर्षी कोण भरतंय, ते एकदा ठरवून टाकू.