ऑपरेशन संपलं की मोबाईल काढायचा

इंग्लंडमध्ये सर्जरीचं ट्रेनिंग घेताना प्रत्येक केस ई-लॉगबुकमध्ये, म्हणजे ऑपरेशनांच्या ऑनलाइन नोंदवहीत, चढवावी लागते. नुसतं 'केलं' म्हणून भागत नाही. मी फक्त मदतीला होते, की वरिष्ठ वॉश-अप होऊन (हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून) समोर उभे होते, की नुसते थिएटरमध्ये हजर होते, की सगळं माझं मीच केलं, प्रत्येकाला वेगळा कोड आहे. आकडे फुगवायला थोडी जागा उरतेच म्हणा!

हात कसा चालतो हे मात्र आयएससीपी नावाच्या सर्जरी ट्रेनिंगच्या पोर्टलवर, वरिष्ठांनी भरायच्या फॉर्ममधून तपासलं जातं. ते 2007 पासून आहे. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन घ्या. संमती, तयारी, छेद, मुख्य काम, शेवटचे टाके, नंतरच्या सूचना अशा पायऱ्या फॉर्ममध्ये असतात. त्यातल्या प्रत्येक कामापुढे 'समाधानकारक' किंवा 'सुधारणा हवी', आणि शेवटी 1 ते 4 अशी एकूण पातळी. त्या पातळीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. माझं मत विचाराल तर खरा ऐवज खालच्या, शेरा लिहायच्या रिकाम्या चौकटीत असतो. पेशंट भुलीतून बाहेर येत असताना माझ्या कन्सल्टंटनी (वरिष्ठ सर्जननी) तिथेच स्टुलावर बसून लिहिलं होतं, 'डावा हात नुसता धरून ठेवतेस, त्याच्याकडून काम करून घेत नाहीस.' त्यानंतर कितीतरी दिवस माझी नजर स्वतःच्या डाव्या हातावरच असायची.

ट्रेनींचा वार्षिक आढावा जवळ आला की याच फॉर्मची पार रया जाते. सगळे ट्रेनी एकदम फॉर्म भरायच्या विनंत्या पाठवतात आणि वरिष्ठ बिचारे जुन्या केसेस आठवून सगळ्यांना 'छान' लिहून मोकळे होतात. त्यात सॉफ्टवेअरचा काय दोष?

व्हिडिओवरून गुण देण्याबद्दल मात्र मला मनापासून आशा वाटते. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या 20 बॅरिएट्रिक (लठ्ठपणावरची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनच्या ऑपरेशनचे व्हिडिओ इतर सर्जनना दाखवले, कोणाचे ते न सांगता. कौशल्यात खालच्या चौथाईत आलेल्यांच्या पेशंटमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण 14.5 टक्के निघालं, वरच्या चौथाईत 5.2 टक्के. म्हणजे जाणत्या डोळ्याला जे दिसतं, त्याचा पेशंटशी थेट संबंध आहे.

हातांना सेन्सर लावून हालचाली मोजणारी यंत्रंही आहेत: हात किती फिरला, किती वेळा हलला, वेळ किती लागला. टाके घालण्याच्या सरावाला ती उत्तम. पण हर्नियात नर्व्ह शोधायला मी थांबले, तर यंत्राच्या लेखी तो नुसता वाढलेला वेळ. शेजारी उभ्या असलेल्या सर्जनला मात्र कळतं, की थांबायलाच हवं होतं.

म्हणून हल्ली मी केस सुरू होण्याआधीच विचारून ठेवते, 'आज माझं मेश (हर्नियावर लावायची जाळी) बसवणं बघाल का?' मग फॉर्म थिएटरमध्येच भरून होतो, आणि चौकटीत 'छान' सोडून काहीतरी येतं.