पोरांच्या हाती जुनी गाडी देण्याआधी

आमच्या घरात यंदा दोघं जण अठरा पूर्ण झाले, माझी मुलगी आणि भावाचा मुलगा, दोघांचंही कॉलेज चिपळूणला, त्यामुळे घरची जुनी वॅगनआर आता त्यांच्याकडे जाणार हे ठरलेलंच होतं. गाडी २००८ ची. गुहागरच्या खाऱ्या हवेत आख्खं आयुष्य काढलेली, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलेली, मला आणि भावाला तिची नस न नस माहीत. आणि मला नेमकी हीच गोष्ट धोक्याची वाटते. हल्ली गावात बरेच जण विचारतात की पोराला एखादी जुनी गाडी घेऊन देऊ का, स्वस्तात मिळतेय, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

घ्या, जरूर घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, जुनी गाडी रोज चालवणारा माणूस तिच्याशी जुळवून घेत असतो आणि हे त्याच्या गावीही नसतं. ब्रेक थोडा खाली जातो तर तो आधीच पाय ठेवतो, स्टेअरिंग डावीकडे ओढतं तर हात आपसूक उजवीकडे धरतो, वायपर काच नीट पुसत नाही तर मान वाकडी करून जिथून दिसतंय तिथून बघतो. नवीन पोराला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याचं अर्धं लक्ष अजून क्लच नि गियरमध्येच असतं. आपल्याला जी खोड वाटते तो त्याच्यासाठी बिघाड आहे, आणि तो त्याला कळणार कधी, तर वळणावर समोरून एसटी आली की! म्हणून आमच्याकडे मी एकच नियम केला. ज्या गोष्टीला "तेवढं सांभाळून घे" असं म्हणावं लागतंय ती आधी दुरुस्त होणार, मगच चावी मिळणार.

सुरुवात मी अशी केली की दोघांना आळीपाळीने गाडी चालवायला दिली, शेजारी बसलो, आणि सांगितलं की काहीही विचित्र वाटलं की बोला, चूक की बरोबर त्याचा विचार करू नका. क्लच खूप वर सुटतो, रिव्हर्स एका झटक्यात पडत नाही, हॉर्न एकाच बाजूने दाबला तर वाजतो, मागचं डावं दार आतून उघडत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, हँडब्रेक कितीही ओढला तरी गाडी हळूच सरकतेय." हे सगळं एका कागदावर लिहून तोच कागद गॅरेजमध्ये दिला. आमचे मेस्त्री वाचून म्हणाले, "हे बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं सर्व्हिसिंग करा म्हणतात, मग आम्ही तेल बदलतो नि गाडी धुऊन देतो."

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. गियरची गाडी चालवायला अठरा पूर्ण पाहिजेत म्हणजे पाहिजेतच. आपल्याकडे दहावी-अकरावीतली पोरं बाबांची गाडी घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या माळावर, फिरतात आणि घरच्यांना त्याचं कौतुक वाटतं, ते मला अजिबात पटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द होतं, आणि त्या पोराला पंचविशी येईपर्यंत लायसन्स मिळत नाही. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते, तोपर्यंत पुढेमागे एल बोर्ड आणि शेजारी पक्कं लायसन्सवाला माणूस. शेजारी कोणी नसताना काही झालं तर इन्शुरन्सवालेही क्लेम देताना हात वर करू शकतात.

आता ब्रेक. यावर मी सगळ्यात जास्त वेळ आणि पैसे घातले आणि तुम्हालाही तेच सांगेन.

आपल्याकडे कुठेही जायचं म्हटलं तरी घाट. पोरं आज चिपळूणपर्यंत जातील, उद्या मित्रांबरोबर कुंभार्ली चढून कराडला जातील, परत येताना उतार आहे. ब्रेक ऑइल ही गोष्ट लोक टॉपअप करतात पण बदलत नाहीत. ते तेल हवेतला दमटपणा शोषून घेतं, आणि आपल्या किनाऱ्यावर दमटपणाला तोटा नाही. डॉट ४ या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना साधारण २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषलेलं असेल तर तेच १५५ च्या आसपास उकळायला लागतं. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तेल तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पेडल सरळ खाली जातं, ब्रेक लागतच नाही. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं तेल काढून नवीन भरायचं, गाडी चालली असो वा नसो. आमचं काढलं ते काळपट चहासारखं होतं.

पण तेल बदलून घाट उतरता येत नाही, ते पोरांना शिकवावं लागतं. सेकंड गियरमध्ये उतरायचं, इंजिनला गाडी धरू द्यायची, ब्रेक थोडा दाबायचा आणि सोडायचा. आणि उतारावर न्यूट्रल करून इंजिन बंद करायची जी जुनी खोड आहे ना पेट्रोल वाचवायची, ती पोरांना कुणीही दाखवू नका. इंजिन बंद झालं की पेडल हलकं करणारी ब्रेकची बूस्टर एकदोनदा दाबल्यावर संपते, मग पेडल दगडासारखं घट्ट होतं, पॉवर स्टेअरिंगही जातं, आणि पुतण्याने हे कुणाकडे तरी बघून ठेवलेलंच होतं, वर मलाच विचारत होता की काका आपण असं का नाही करत.

मागच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम उघडून बघायला लावा, नुसतं बाहेरून बघून चालत नाही. ड्रममधला व्हील सिलिंडर, जो तेलाच्या दाबाने ब्रेक लावतो, तो गळत असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतो. आणि गाडीखालून जे ब्रेकचे लोखंडी पाइप जातात ते किनाऱ्यालगतच्या गाडीत हमखास गंजतात, आमचा एक पाइप फुगून खवल्या खवल्या झाला होता, मेस्त्रींनी न विचारता बदलला ते उत्तम केलं. हँडब्रेकची केबलही नवी टाकली. पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावतो, नाहीतर ब्रेकचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमला चिकटून बसतात.

गंजाचं आपल्याकडे सगळं आतून होतं, बाहेरून गाडी चकाचक दिसते. मेस्त्रींनी जॅक लावायची जागा स्क्रूड्रायव्हरने दाबून दाखवली, पुढच्या चाकामागचा पत्रा, वरून रंग शाबूत, आणि टोक दाबल्याबरोबर कर्र आवाज होऊन आत गेलं, तांबडा भुगा खाली पडला. आता विचार करा, रात्री मार्गताम्हाण्याच्या पुढे टायर पंक्चर झालाय, पोरगी एकटी स्टेपनी बदलतेय, आणि जॅक पत्र्यातून वर घुसतोय. तो भाग कापून नवीन जाड पत्रा वेल्डिंग करून घेतला, वरून अंडरबॉडी कोटिंग. कोटिंग करताना एक बघा, पत्र्याला खाली बारीक भोकं असतात पाणी निघून जायला, ती बुजवू देऊ नका, दारांची पण. आणि काचेखालची जाळी, जिथे फणसाची नि आंब्याची पानं जाऊन बसतात, ती मे महिन्यात हाताने साफ करायची, नाहीतर पाणी तुंबून आत गालिच्याखाली उतरतं आणि गाडीची जमीन आतून सडते. गाडीत कुबट वास आला की गालिचा उचलून हात लावून बघायचा.

समुद्रावर, पुळणीत, गाडी उतरवायची नाही हे दोघांना स्पष्ट सांगितलंय. मित्रांना रील करायचं असेल तर चालत जा. धोपाव्याहून फेरीने दाभोळला जाऊन आलं तरी घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवायची. त्या जेटीच्या उतारावर मागे गाड्यांची रांग असताना हँडब्रेकवर गाडी उचलायला आली पाहिजे, ते मी रिकाम्या वेळी त्यांच्याकडून करून घेतलं, पुतण्याला घाम फुटला पण आता जमतंय.

जे नवीन घेणारेत त्यांच्यासाठी, जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या कितीतरी दुरुस्त होऊन विकल्या गेल्या असणार. बघायची सोपी युक्ती म्हणजे सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, बुडालेल्या गाडीत आतल्या टोकाला मातकट डाग राहिलेला असतो कारण तिथपर्यंत कुणी धुवत नाही. सीटखालचे बोल्ट आणि रुळ गंजलेत का बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात चिखलाची रेघ आहे का बघा. अशी गाडी पोरासाठी घेऊ नका, वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि तो भरपावसात हेडलाइट गेल्यावर काय करणार?

बेल्टवरून आठवलं, आमच्या गाडीत एअरबॅग नाही आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पण नाही, हे दोन्ही नव्या गाड्यांना सक्तीचं झालं ते २०१९ ला. त्यामुळे सीट बेल्ट हीच एक गोष्ट आहे जी त्यांना धरून ठेवणार आहे. बेल्ट झटका दिल्यावर अडकतो का, सोडल्यावर परत आत जातो का, कड विरलेली आहे का, मागचे सुद्धा. आमचा ड्रायव्हर साइडचा ढिला पडला होता तो नवा कंपनीचाच टाकला, इथे लोकल माल नको.

एबीएस नाही म्हणजे ओल्यावर जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होतात आणि गाडी घसरत सरळ जाते, स्टेअरिंग कितीही फिरवा. हे सांगून कळत नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर सड्यावरच्या मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही बघून, तीसच्या स्पीडला मुलीला ब्रेक दाबायला लावला. चाकं जाम झाली, तांबड्या चिखलावरून गाडी सरकत गेली, तिने ओरडून स्टेअरिंग घट्ट धरलं. मग सांगितलं की पाय क्षणभर सोड, चाक फिरू दे, पुन्हा दाब. परत परत केल्यावर पायाला कळायला लागलं. त्या दिवसापासून ती पुढच्या गाडीपासून आपणहून लांब राहते, मला सांगावं लागत नाही.

टायरमध्ये नक्षी दिसतेय म्हणून टायर चांगला असं नसतं. बाजूला चार आकडे असतात, समजा २३१९, म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आमची गाडी कमी चालायची त्यामुळे खाचा भरपूर होत्या पण रबर कडक होऊन बाजूला भेगा, असला टायर ओल्या रस्त्यावर पकड घेत नाही. चारही बदलले, स्टेपनी पण, आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, अजिबात नाही. मग अलाइनमेंट केल्यावर डावीकडचं ओढणं थांबलं, त्याआधी लोअर आर्मचे बुश (पुढच्या चाकाच्या दांड्याच्या सांध्यातले रबर) बदलले कारण हायवेच्या कामात इतकी वर्षं जे खड्डे नि डायव्हर्जन खाल्लेत त्यात बुश शिल्लक कुठून राहणार.

पावसाचं थोडक्यात. वायपरचे रबर दर वर्षी मे अखेरीला नवे. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या आणि फोकस भिंतीवर मारून बघा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जातो. काचेवर आतून वाफ धरली की एसी चालू करून हवा काचेवर सोडायची, फडक्याने पुसत गाडी चालवायची नाही. एसी हे मी पोरांच्या गाडीत चैनीत धरत नाही, कोकणच्या पावसात त्याशिवाय समोरचं दिसत नाही.

या गाडीच्या जुन्या ११०० सीसी इंजिनला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा, आहे, चेन नाही. तो बाहेरून दिसत नाही आणि तुटताना सांगून तुटत नाही, चालत्या गाडीचं इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. कधी बदललाय याची नोंद कुणाकडे नसेल तर सरळ बदलून टाका. पेट्रोलचे रबरी पाइपही बघा, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला धरून या वयाच्या गाड्यांचं रबर बनवलेलं नाही, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी हलवायची नाही.

एवढं झाल्यावर गाडी दोघांच्या ताब्यात दिली, पण दर रविवारी सकाळी बॉनेट तेच उघडतात. ऑइल, इंजिन थंड असताना कुलंट, ब्रेक ऑइलची पातळी, टायरची हवा, सगळे लाइट, एकजण ब्रेक दाबतो आणि दुसरा मागे उभा राहून बघतो. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघतात, पावसात त्यांना बॉनेटखाली ऊब मिळते. टेंपरेचरचा काटा चढला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि फोन करायचा, कितीही वाजलेले असोत कुणी रागावणार नाही, हे घरातल्या सगळ्या मोठ्यांनी त्यांना कबूल केलंय. गेल्या आठवड्यात पुतण्याने कागदावर नवीन ओळ लिहून ठेवलीय, पुढच्या उजव्या चाकातून खड्ड्यात टकटक आवाज येतो. मला चालवताना तो आवाज आला नाही, तरी उद्या गाडी शृंगारतळीला मेस्त्रींकडे जातेय, आणि तोपर्यंत दोघं एसटीने जातील.